ट्यूनर हिरवा, तरी कॉर्ड खटकते: पेडल स्टीलची पेडल आणि लिव्हर सुरात लावताना

प्रश्न थोडक्यात असा. पूर्वी पुण्यात हवाईयन गिटार वाजवणाऱ्या आणि आता डॅलसला असलेल्या एका वाचकाने जुनी दहा तारांची पेडल स्टील (आडवी ठेवून धातूच्या बारने वाजवायची गिटार, जिच्या तारांचे सूर पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी बदलतात) घेतली आहे. ई-नाइन जुळणी, तीन पेडल, गुडघ्याचे चार लिव्हर. त्यांनी मोकळ्या तारा ट्यूनरवर मिळवल्या. मग एकेक पेडल दाबून टोकाचे नायलॉनचे नट फिरवले आणि तेही सूर हिरव्या दिव्यावर आणले. तरी पहिली दोन पेडल एकत्र दाबली की कॉर्ड कानाला बोचते, आणि दुसरं पेडल सोडलं की सहावी तार जरा उतरलेलीच परत येते. रोज नट फिरवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आता काय करू?

पहिलं म्हणजे नट फिरवणं थांबवा. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ वेगळं आहे. उतरून परत येणारी सहावी तार हा यंत्राचा दोष आहे. दोन पेडलवर खटकणारी कॉर्ड हे बरंचसं सुरांचं गणित आहे आणि थोडं लाकडाचं वाकणं. यंत्र ठीक करण्याआधी गणिताला हात घातलात तर रोज वेगळ्याच मोकळ्या सुरावरून मोजत बसाल.

तुमचा कान सरगमवर तयार झालेला आहे, तेव्हा त्याच भाषेत बोलू. ई म्हणजे सा धरा. पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत सूर असे आहेत: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. म्हणजे रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरचा प चढवून ध करतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरचा ग चढवून म करतं. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, ई मेजरची ए मेजर होते. सी पेडल चौथ्या तारेच्या सा चा रे करतं आणि पाचवीचा प पुन्हा ध वर नेतं. एक लिव्हर चौथ्या-आठव्या तारेचा सा चढवून कोमल रे करतो, दुसरा त्याच तारा नी वर उतरवतो. उरलेले दोन लिव्हर प्रत्येक वाद्यावर थोडे वेगळे असतात. तुमची मांडणी स्टीलवादक बडी एमन्स यांची आहे की जिमी डे यांची, म्हणजे पेडल डावीकडून ए-बी-सी आहेत की सी-बी-ए, याने पायाला फरक पडतो, सुरांना नाही.

हे वाद्य आजच्या रूपात टप्प्याटप्प्याने आलं, आणि ते माहीत असलेलं बरं. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी वाजता सूर पेडलने ओढून दाखवला आणि नॅशव्हिलमधल्या स्टीलवादकांची झोप उडाली. त्यांचं पेडल ग आणि प दोन्ही एकदम चढवायचं. बडी एमन्स यांनी हे काम दोन पेडलांत वाटलं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या बाजूला रे आणि नी या दोन जादा तारा बसवल्या. त्यातला रे पुढे आपल्याला छळणार आहे.

आता यंत्र. तुमचं वाद्य ऑल-पुल जातीचं, म्हणजे सुराचा प्रत्येक बदल सळई ओढूनच करणारं, आहे असं धरतो. आजची बहुतेक तशीच असतात. (जुनं पुश-पुल असेल तर पुढचं जसंच्या तसं लावू नका. त्यात सूर ठरवणारे स्क्रू वेगळ्या क्रमाने लावायचे असतात आणि ऑल-पुलच्या सवयीने ते फिरवले की वाद्य आठवडाभर जागेवर येत नाही.) ऑल-पुलमध्ये मोकळ्या तारेचा सूर फक्त खुंटीने लावायचा. पेडलने चढलेला किंवा लिव्हरने उतरलेला सूर फक्त नायलॉनच्या नटाने. उजव्या टोकाच्या पट्टीवर प्रत्येक तारेसमोर भोकं दिसतील. साधारणपणे वरच्या ओळी चढीच्या, खालच्या उतरीच्या. प्रत्येक नट एका सळईच्या टोकावर बसतो. सळई वाद्याच्या पोटातून बेल क्रँक नावाच्या छोट्या तरफेपर्यंत जाते, बेल क्रँक आडव्या दांड्यावर असतो आणि दांडा पेडल फिरवतं. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, नट चेंजरच्या, म्हणजे तार चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीला टेकतो आणि तार ताणली जाते.

या वर्णनातला 'टेकतो' हा शब्द महत्त्वाचा आहे. पेडल मोकळं असताना नट टेकलेला नसावा. त्याच्या आणि पट्टीच्या मध्ये केसाएवढी फट हवी. ही फट नसेल तर मोकळी तार आपल्या आधारावर न बसता सळईवर लटकलेली राहते. मग तुम्ही नट फिरवता तेव्हा चढलेल्या सुरासोबत मोकळा सूरही हलतो, तो तुम्ही खुंटीने दुरुस्त करता, मग चढलेला चुकतो, मग पुन्हा नट. तुमचं 'रोज तेच' बहुधा इथून सुरू होतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. वाद्य केसमध्ये उलटं ठेवा, पोटाकडून टॉर्च मारा. सहाव्या तारेची बी पेडलची सळई शोधा आणि चेंजरजवळ दोन बोटांत धरून हळूच मागेपुढे करा. ती अर्धा मिलिमीटर तरी निवांत हलली पाहिजे. घट्ट असेल तर तोच नट अर्धा फेरा सैल करा. नंतर वाद्य सरळ करून सहावी मोकळी तार छेडा. आधीपेक्षा उतरली असेल तर ती इतके दिवस सळईवर लटकत होती. दहाही तारांच्या प्रत्येक सळईला हे करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

फट उलट फार मोठी असेल तर पेडल निम्मं खाली गेल्यावर सूर हलायला लागतो. सगळे नट फिरवूनही सूर वर पोचत नसेल तर पेडलचा थांबा आधी बघा, कारण पेडल किती खाली जाणार ते थांबा ठरवतो. एका पेडलवर दोन तारा असतील तर दोन्ही एकाच क्षणी निघून एकाच क्षणी पोचाव्यात. ए पेडलची पाचवी तार आधी पोचली आणि दहावी मागून रेंगाळत आली, तर ते नटाने सुधारत नाही. सळई बेल क्रँकच्या दुसऱ्या खाचेत किंवा चेंजरच्या दुसऱ्या भोकात घालावी लागते. बेल क्रँकवर दांड्यापासून जितकं दूर तितकी ओढ लांब. चेंजरवर आसाच्या जितकं जवळ तितकी तार जास्त हलते आणि पेडल जड होतं. आज त्यात पडू नका. आधी वाद्य सुरात येऊ द्या.

सहावी तार उतरून का परत येते? पेडलने तार ताणली की डाव्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथली (त्यालाही नटच म्हणतात, पण हा नायलॉनचा नट नव्हे) छोटी चाकं फिरून खुंटीकडची थोडी तार वाजत्या भागात येते. पेडल सोडलं की ती परत गेली पाहिजे. चाक अडखळत असेल तर ती पूर्ण परत जात नाही, वाजत्या भागात जादा तार राहते आणि सूर उतरतो. उतरवणाऱ्या लिव्हरनंतर नेमकं उलटं होतं: तार चढी परत येते. म्हणून निदानाचा नियम लक्षात ठेवा. चढवून सोडल्यावर उतरी, किंवा उतरवून सोडल्यावर चढी परत आली तर दोष घर्षणाचा, बहुधा चाकाचा. उतरवून सोडल्यावर उतरीच राहिली तर उतरीची पट्टी परत ओढणारी स्प्रिंग कमजोर. चढवून सोडल्यावर चढीच राहिली तर चढीची पट्टी आधारावर पूर्ण बसत नाही: फट नाही, किंवा चेंजरमध्ये जुनं चिकट तेल साचलं आहे.

तुमचा प्रकार पहिला. सहावी तार सैल करून चाकावरून बाजूला घ्या, चाक बोटाने फिरवून बघा. जुन्या वाद्यांत तेल वाळून गोंदासारखं होतं. लायटरचं इंधन कापसाच्या काडीने लावून ते काढा, चाकाच्या आसावर पातळ तेलाचा एक थेंब, बस्स. दोन थेंब नकोत. धूळ त्यावरच बसते. सहाव्या तारेबद्दल आणखी एक: ती ०.०२० इंचाची साधी आहे की ०.०२२ ची गुंडाळलेली, ते बघा. चाकाच्या खाचेत बसत नाही इतकी जाड तार कुणी घातली असेल तर तिथेही अडखळते. मी साधी ०.०२० वापरतो.

स्प्रिंगची आणखी एक परीक्षा करून टाका. बी पेडल दाबून ठेवा, सहावी तार छेडा आणि टोकाकडून तिची उतरीची पट्टी बोटाने आधाराकडे दाबा. सूर किंचितही चढला तर चढलेल्या तारेच्या ताणाने ती पट्टी जागेवरून उठते आहे आणि स्प्रिंग एक भोक घट्ट करायला हवी. हा दोष असताना लावलेला म जोरात छेडला की वेगळा, हळू छेडला की वेगळा येतो.

घर्षण शून्यावर येत नाही, म्हणून एक सवय लावून घ्या. मोकळी तार कधीही थेट खुंटीने लावून पुढे जायचं नाही. तार लावली की तिचं पेडल दाबून सोडा आणि परत ऐका. वाजवताना तार नेहमी पेडलवरूनच परत येणार आहे, तेव्हा तिचा 'घरचा' सूर तोच धरायचा. चौथी आणि आठवी तार चढतेही आणि उतरतेही, त्यांचे दोन घरचे सूर थोडे वेगळे निघतील. त्यांच्या मधोमध ठेवा.

इतकं झालं की सुरांकडे वळू.

ट्यूनर ज्या पट्टीत हिरवा होतो ती समान अंतरांची, पियानोची पट्टी. तिच्यातला ग हा तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा १४ सेंट चढा असतो. (एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट.) पेटीचा गंधार चढा लागतो ही आपल्याकडची जुनी तक्रार याच १४ सेंटची. गिटारवर हे खपतं, कारण तारेचा आवाज लवकर विरतो. पेडल स्टीलवर सूर लांब टिकतात, तीन तारा एकत्र वाजतात, व्हॉल्यूम पेडलने आवाज धरून ठेवलेला असतो, त्यामुळे दोन सुरांतली लहर, म्हणजे ते नीट जुळले नसताना आवाजात उठणारी थरथर, सगळी ऐकू येते. म्हणून बहुतेक वादक ग आणि ध खाली घेतात. समान पट्टीवर ठाम असलेलेही आहेत, आणि तेही उत्तम वाजवतात. तुमचा कान हिंदुस्थानी सुरांवर तयार झाला असेल तर तुम्ही त्या गटात फार दिवस टिकणार नाही असं मला वाटतं.

शुद्ध गुणोत्तरांनी हिशेब केला तर ट्यूनरच्या शून्यापासून सूर असे येतात. सा शून्यावर. प +२. ग −१४. ए पेडलचा ध −१६. बी पेडलचा म −२. हे आकडे पाठ करू नका, कानाने लावा. पण लावून झाल्यावर ट्यूनर यांच्या आसपास बोलत नसेल तर कुठेतरी कान फसला आहे.

क्रम मी असा ठेवतो. चौथी आणि आठवी तार ट्यूनरवर, एवढंच ट्यूनरवर. पाचवी आणि दहावी आठवीच्या साथीने, लहर पूर्ण थांबेपर्यंत. मग ए आणि बी दोन्ही दाबायची आणि दाबूनच ठेवायची: आधी बी पेडलच्या नटाने म चौथ्या तारेच्या सा शी, मग ए पेडलच्या नटाने ध त्या दोघांशी. एकेक पेडल वेगळं दाबून लावण्यापेक्षा हे बरं, कारण वाजवताना ती दोन्ही बहुतेक वेळा एकत्रच येतात. दोन्ही सोडून तिसरी-सहावीचा ग मोकळ्या कॉर्डमध्ये लावायचा. ग हलला की म सुद्धा थोडा हलतो, म्हणून परत एकदा म कडे. दोन फेऱ्यांत जुळतं.

तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. मोकळी कॉर्डही ट्यूनरच्या ग मुळे तशी चढीच होती, मग पेडलवरच का बोचली? कारण दोन पेडल दाबल्यावर चार तारांचा ताण वाढतो, वाद्याचं शरीर कणभर वाकतं, आणि ज्या तारांना पेडलने हात लावलेला नाही त्या उतरतात. इंग्रजीत याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. चौथी तार छेडा, ट्यूनरकडे बघत ए आणि बी दाबा. काटा डावीकडे सरकेल. दोन-तीन सेंट असतील तर वाद्य चांगलं आहे. सात-आठ असतील तर तुमच्या कॉर्डमध्ये सा सात-आठ उतरा झाला आणि ध आधीच सोळा चढा होता. दोघांतली तफावत तेवीस-चोवीस सेंटवर गेली. ही कुणालाही बोचेल.

पायांचे स्क्रू, पेडलांच्या पट्टीचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघा, त्याने कधी एक-दोन सेंट वाचतात. बाकीचं उतरणं लाकडाचं आणि जोडणीचं, ते तुमच्याने जाणार नाही. त्यावर तोडगा असा की ई तारा मोकळ्या असताना तीन-चार सेंट चढ्या ठेवायच्या. पेडलवर त्या तेवढ्याच खाली येतात आणि मधला मार्ग निघतो. पेडल स्टील शिकवणारे जेफ न्यूमन यांनी विद्यार्थ्यांना वाटलेले तक्ते याच विचाराचे होते: ई वर, इतर सगळे त्याखाली. मात्र दुसऱ्याच्या वाद्यावरून काढलेला तक्ता आपल्या वाद्यावर चिकटवू नये. आपलं उतरणं आपण मोजायचं.

आता लिव्हर. सा चा कोमल रे करणारा लिव्हर एकटा लावू नका. ए पेडल दाबून ठेवून लावा, कारण त्याचं मुख्य काम ए पेडलसोबतच्या सी शार्प मेजर कॉर्डमध्ये आहे. तिथे पाचवीचा ध हा पाया, सहावीचा मोकळा ग त्याचा पंचम, आणि चढवलेली चौथी तार त्याचा गंधार. ध आधीच −१६ वर आहे, त्याचा शुद्ध गंधार काढला तर एफ येतो ट्यूनरच्या −३० वर. नवशिका हा आकडा बघून घाबरतो आणि नट आवळतो. आवळू नका. ई पासून हा सूर फक्त ७० सेंट वर आहे आणि तिथेच तो निवांत बसतो. हिरव्या दिव्यावर लावलेला एफ या कॉर्डमध्ये किती ओरडतो ते एकदा मुद्दाम ऐकून ठेवा.

सा चा नी करणारा लिव्हर सोपा. ग आणि प सोबत लावा, −१२ च्या आसपास येईल. दुसरी तार मोकळीच डी शार्प आहे, आणि उतरवलेली चौथी तिच्याशी एकरूप झाली पाहिजे. दोन्ही एकत्र छेडा. लहर आली तर दुसरी तार खुंटीने हलवा, लिव्हर नको.

सी पेडल बी पेडलसोबत लावायचं. तिथे चौथीचा रे, सहावीचा म आणि पाचवीचा ध मिळून एफ शार्प मायनर होते. ध आणि म ठरलेले आहेत, त्यांना धरून रे लावला की तो −१८ वर येतो.

आणि इथे वाद्यातली खरी गाठ येते. पहिल्या आणि सातव्या तारेवर मोकळा रे आहे. बी मेजर कॉर्डमध्ये, म्हणजे ई उतरवणारा लिव्हर लावून, हा रे प चा पंचम असतो. तिथे तो +४ वर हवा. ए आणि बी पेडल दाबल्यावर तोच रे ध आणि म यांच्या सोबत येतो, तेव्हा तो −१८ वर हवा. एक तार, दोन जागा, अंतर जवळजवळ २२ सेंट. एकाच वेळी सी पेडलची चौथी तार −१८ वर आणि पहिली +४ वर छेडून बघा, दोन एफ शार्प एकमेकांशी भांडतील.

तुम्हाला हे अंतर वेगळ्या नावाने माहीत असेल. चतुःश्रुती रिषभ ९/८ आणि त्रिश्रुती रिषभ १०/९, यांच्यातला फरक म्हणजे प्रमाणश्रुती, ८१/८०, साडेएकवीस सेंट. डॉ. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या पेटीत पट्टीच्या दोन श्रुतींपैकी रागाला हवी ती निवडायची सोय आहे, ती याच कारणासाठी. अमेरिकेतल्या यंत्रकारांनी श्रुती सांगणाऱ्या भरतमुनींचं नाव न ऐकता त्याच गाठीवर तीच सोय काढली. एक जादा सळई ए पेडलच्या दांड्यापासून पहिल्या आणि सातव्या तारेच्या उतरीच्या पट्टीला जोडायची, अगदी कमी ओढ मिळेल अशा खाचेत. मोकळ्या तारा +४ वर लावायच्या, ए पेडल दाबलं की त्या आपोआप वीसेक सेंट उतरतात. याला कॉम्पेन्सेटर म्हणतात. तुमच्या वाद्याला तो आहे का ते सळया मोजताना कळेल. ए पेडलच्या दांड्यावरून पहिल्या किंवा सातव्या तारेकडे सळई जात असेल तर आहे.

नसेल तर पहिल्या वर्षी बसवायची घाई नको. रे कुठल्या कॉर्डसाठी जास्त लागतो ते ठरवा. कंट्रीच्या चालींमध्ये माझ्या हाताला तो ए-बी पेडलसोबतच्या ओळींत जास्त येतो, तेव्हा मी कॉम्पेन्सेटर नसलेल्या वाद्यावर सातवी −१० च्या जवळ ठेवतो आणि पहिली शून्यावर. कुठल्याच कॉर्डमध्ये ती अगदी निर्मळ नसते, कुठेच फार बोचत नाही. बरोबर मध्यावर, −७ ला ठेवणारेही आहेत. मला ती दोन्हीकडे सारखीच अर्धवट वाटते.

नववी तार कोमल नी. सप्तम कॉर्डमध्ये ७/४ चा निषाद −३१ वर येतो आणि एकट्याने फार गोड लागतो, पण त्याच तारेची इतर कामं तिथे बिघडतात. मी −८, −१० च्या पलीकडे नेत नाही. दुसरी तार डी पर्यंत उतरवणारा लिव्हर असेल तर ती नववीच्या सप्तकाशी जुळवा. हाच लिव्हर पुढे सी शार्पपर्यंत जात असेल तर वाटेत डी वर गुडघ्याला एक अडथळा जाणवायला हवा. बहुतेक वाद्यांत तो अडथळा म्हणजे नववी तार हलायला लागते तो क्षण. नववीच्या सळईची फट कमी-जास्त करून तो डी वर आणायचा. याला धीर लागतो. तुमच्या लिव्हरला अडथळाच नसेल तर पहिल्या महिन्यात दुर्लक्ष करा.

पाचवी तार बी फ्लॅटवर उतरवणारा लिव्हर असेल तर आणखी एक गोष्ट. ए पेडल आणि तो लिव्हर एकत्र लावले की बी आणि सी शार्प यांच्या मधला सी मिळायला हवा. चढ आणि उतार यांची बेरीज क्वचितच बरोबर येते. टोकाच्या पट्टीवर त्यासाठी वेगळा स्प्लिट स्क्रू असेल तर बी फ्लॅट नटाने लावून झाल्यावर सी त्या स्क्रूने लावा. स्क्रू नसेल तर दोघांतला जास्त लागणारा सूर खरा धरा. तुमच्या वाद्यावर हा लिव्हर नसूही शकेल.

साथीला कीबोर्ड असेल तेव्हा मी ग आणि ध थोडे वर आणतो, −१४ ऐवजी −८, −९. अख्खी कॉर्ड चढी-उतरी वाटली तर हातातला बार किंचित सरकवून सगळं एकदम दुरुस्त होतं, हवाईयन गिटारवर तुम्ही ते करतच आला आहात. तारांचं आपापसातलं नातं मात्र बारने सुधारत नाही. ते नट आणि खुंटीनेच लावून ठेवावं लागतं, म्हणून एवढा आटापिटा.

वाद्य गाडीतून काढल्या काढल्या हे काही करू नका. डॅलसच्या उन्हात डिकीतून आणलेली स्टील थंड खोलीत अर्धा तास तरी उघडी राहू द्या. तारा जुन्या असतील तर आधी संच बदला, गंजक्या तारेवर वरचा एकही आकडा टिकत नाही. तिसरी तार ०.०११ ची असते आणि बी पेडलवर थेट ४४० च्या ए पर्यंत ताणली जाते, त्यामुळे सगळ्यात आधी तीच तुटते. तिचे तीन-चार सुटे नग केसमध्ये ठेवा, आणि ती सारखी चेंजरच्या वळणावरच तुटत असेल तर तिथे धातूला खाच पडली आहे का ते नखाने चाचपून बघा.

एवढं केल्यावर मला दोनच आकडे कळवा: ए-बी दाबल्यावर चौथी तार किती सेंट उतरते, आणि चाक साफ केल्यावर सहावी किती उतरलेली परत येते. पहिला आकडा दहाच्या वर असेल तर पोटाकडचा एक फोटो जोडा, आडवे दांडे आणि बेल क्रँक दिसतील असा.